खेडच्या वाटा आणि गाडीतला नकाशा

गाडी कारखान्यातून बाहेर पडतानाच तिच्या डॅशबोर्डमध्ये जो नकाशा बसवलेला असतो, त्याला बोलण्यात नुसते ‘नेव्हिगेशन’ म्हणतात. मोबाइलवरचा मॅप आणि हे नेव्हिगेशन पडद्यावर सारखेच दिसते, पण आतली रचना वेगळी आहे. मोबाइल रस्त्यांची माहिती बहुतांशी इंटरनेटवरून घेतो. गाडीतल्या यंत्रणेत देशभराचा नकाशा सहसा आधीच साठवलेला असतो. तिचा अँटेना बहुधा छतावर असल्याने त्याला आकाश अधिक मोकळे मिळते. शिवाय ती गाडीच्या चाकांशी आणि वळण मोजणाऱ्या जायरोस्कोपशी जोडलेली असते, आणि हाच तिचा खरा गुण आहे. केबलने मोबाइल जोडून त्याचा मॅप गाडीच्या पडद्यावर पाहण्याची सोय हल्ली बऱ्याच गाड्यांत असते. पण तेव्हा काम करतो तो मोबाइलचाच नकाशा. येथे विचार आहे तो गाडीच्या स्वतःच्या नकाशाचा, आणि तोही रत्नागिरी जिल्ह्यातील खेडच्या वाटांवर. घाट, बोगदा, खाडी, पूर आणि डोंगरभर विखुरलेल्या वाड्या एवढे सगळे या तालुक्यात आणि त्याच्या शेजाराला एकत्र सापडते. त्यामुळे ही यंत्रणा कोठे उपयोगी पडते आणि कोठे थांबते, हे पाहायला याहून चांगला मुलूख मिळणे कठीण.

प्रवास सुरू होतो तो पडद्यावर गावाचे नाव लिहिण्यापासून, आणि खेडच्या बाबतीत पहिली काळजी येथेच घ्यावी लागते. महाराष्ट्रात खेड नावाची गावे अनेक. पुणे जिल्ह्यातला खेड तालुका आहे. त्याच्या मुख्य गावाला हुतात्मा राजगुरूंच्या स्मरणार्थ राजगुरुनगर हे नाव मिळाले, तरी तालुक्याचे नाव आजही खेडच आहे. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खेड शिवापूर लागते. रत्नागिरीचे खेड आणि राजगुरुनगर यांच्यात सरळ रेषेत मोजले तरी सव्वाशे किलोमीटरहून अधिक अंतर आणि मध्ये सह्याद्रीची रांग आहे. नाव लिहिताच यंत्रणा यांतले कोणतेही खेड वर दाखवू शकते. मुंबईहून निघालेला माणूस यादीतल्या पहिल्या नावावर बोट ठेवून मोकळा झाला, तर पुण्याच्या द्रुतगती मार्गाच्या दिशेला लागल्यावरच चूक लक्षात येते. उपाय सोपा आहे. जिल्ह्याचे नाव जोडावे, किंवा पिनकोड द्यावा: रत्नागिरीच्या खेडचा ४१५७०९, राजगुरुनगरचा ४१०५०५. किंवा ‘भरणे नाका’ शोधावे. महामार्गावरून खेड शहरात वळण्याची जागा तीच. मार्ग सुरू करण्याआधी संपूर्ण नकाशा एकदा लहान करून पाहण्याची सवय लावली, तर रेषा दक्षिणेला पेण, माणगाव, महाडवरून उतरते की पूर्वेला लोणावळ्याकडे चढते, हे एका नजरेत कळते.

रोमन लिपीतल्या शोधाची अडचण त्याच जातीची. भरणे, फुरूस, लोटे, खोपी ही नावे रोमन अक्षरांत लिहिताना प्रत्येक नकाशाकाराने आपापली पद्धत वापरली आहे. फुरूसचा ‘फ’ एकाने एक अक्षर वापरून लिहिला, दुसऱ्याने दोन. यंत्रणा ‘सापडत नाही’ म्हणाली तर गाव नकाशावर नाही असे समजू नये. शेजारचे मोठे गाव शोधून नकाशावरच बोटाने पुढे सरकावे.

मुंबईतून खेडकडे जाण्याचा मुख्य रस्ता म्हणजे मुंबई–गोवा महामार्ग. महामार्गांना नवे क्रमांक मिळण्यापूर्वी हा राष्ट्रीय महामार्ग १७ होता. आता तो ६६ आहे. कोकणातली जुनी माणसे आजही ‘सतरा नंबर’ म्हणतात, पडद्यावर मात्र ६६ हाच आकडा दिसतो. पनवेल, पेण, नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड, पोलादपूर आणि मग कशेडीचा घाट ओलांडून खेड, असा हा क्रम आहे.

गाडी कोठे आहे हे यंत्रणेला कसे कळते, ते पनवेलच्या आधीच समजून घेतलेले बरे. अमेरिकेच्या जीपीएस व्यवस्थेचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि प्रत्येक जण आपली जागा व अचूक वेळ सतत प्रक्षेपित करतो. संदेश निघाल्यापासून पोहोचेपर्यंत किती वेळ गेला, यावरून उपग्रहाचे अंतर निघते. अशी चार अंतरे मिळाली की अक्षांश, रेखांश, उंची आणि घड्याळातली चूक या चारही अज्ञात गोष्टी सुटतात. रेडिओलहर प्रकाशाच्या वेगाने जाते, म्हणून वेळेत एका मायक्रोसेकंदाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकते. उपग्रहातली आण्विक घड्याळे सापेक्षतेच्या परिणामामुळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही तर नकाशा एका दिवसात दहा किलोमीटरच्या आसपास भरकटेल. आइन्स्टाइनच्या गणिताशिवाय पेणचा फाटाही सापडणार नाही, ही गोष्ट विज्ञानाच्या अभिमानाची आहे. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी वापरासाठीच्या संदेशात मुद्दाम अस्पष्टता ठेवत असे; ती काढल्यावरच गाडीतल्या नेव्हिगेशनला खरी धार आली. भारताने आपली प्रादेशिक व्यवस्था उभी केली, तिचा पहिला उपग्रह जुलै २०१३मध्ये गेला आणि २०१६मध्ये तिला ‘नाविक’ हे नाव मिळाले. मोकळ्या आकाशाखाली साध्या यंत्रालाही आपली जागा साधारण पाच मीटरच्या आत सांगता येते.

ही अचूकता आडवी आहे. उभी अचूकता तेवढी नाही. उपग्रह सगळे डोक्यावर असतात, पायाखाली एकही नसतो, म्हणून उंची नेहमीच ढोबळ निघते. पूल आणि पुलाखालचा रस्ता, उड्डाणपूल आणि त्याच्या बगलेचा सर्व्हिस रोड यांत फरक करताना यंत्रणा अंदाजावर चालते. याच वाटेच्या सुरुवातीला, बेलापूरला, जुलै २०२५मध्ये मोबाइलवरच्या नकाशाच्या भरवशावर निघालेली एक गाडी रात्री खाडीपुलावर न चढता पुलाखालच्या रस्त्याने थेट धक्क्याकडे गेली आणि पाण्यात पडली. चालक महिलेला सागरी पोलिसांनी वाचवले. पुलाच्या तोंडाशी पडद्यापेक्षा रस्त्यावरचा हिरवा फलक खरा मानावा.

पनवेलपासून पुढे या महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ पासून चालू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. साठवलेल्या नकाशाची ही कठोर परीक्षा आहे. काम चालू असताना वाहतूक आज या बाजूने, उद्या त्या बाजूने वळवली जाते. गावाबाहेरून नवा रस्ता निघतो. जुना रस्ता गावकऱ्यांपुरता उरतो. अशा वेळी पडद्यावर आपली गाडी शेतातून चालताना दिसते आणि आवाज पुन्हापुन्हा ‘यू टर्न घ्या’ म्हणत राहतो. कोलाड–माणगाव भागात आमच्या गाडीत हे घडले तेव्हा काही काळ आवाज बंद करून फक्त दिशा आणि उरलेले अंतर पाहत जाणे हेच सोयीचे ठरले. दिशा बरोबर असेल आणि अंतर कमी होत असेल, तर यंत्रणेला रस्ता माहीत नसला तरी जागा माहीत आहे, एवढे त्यातून कळते.

महाडला सावित्री नदी ओलांडताना या विषयाची दुसरी बाजू समोर येते. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुराने येथला ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल वाहून नेला. दोन एसटी आणि एक खासगी गाडी त्यात गेली. त्या रात्री कोणत्याही नकाशावर पुलाची रेषा जशीच्या तशीच होती. नवा पूल विक्रमी वेगाने उभा राहून जून २०१७मध्ये खुला झाला. साठवलेला नकाशा म्हणजे रस्ता शेवटचा मोजला गेला त्या दिवसाची नोंद. त्यानंतर पाऊस, पूर आणि दरड यांनी काय केले, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते.

पोलादपूर सोडले की कशेडी घाट. रायगड संपून रत्नागिरी जिल्हा येथे लागतो. जुना घाट वळणावळणांचा, मालमोटारींच्या रांगांचा, पावसाळ्यात धुक्याचा. तो ओलांडायला पाऊण तास सहज जाई. त्याला पर्याय म्हणून पोलादपूरच्या बाजूच्या भोगावपासून कशेडीपर्यंत डोंगराखालून सुमारे दोन किलोमीटरचे जुळे बोगदे काढले गेले. २०२३च्या गणेशोत्सवाआधी त्यांतला एक हलक्या वाहनांसाठी खुला झाला आणि तो पाऊण तास काही मिनिटांवर आला. कोकणात जाणाऱ्या माणसाला या बोगद्याचे मोल वेगळे सांगायला नको.

बोगद्यात उपग्रहाचा एकही संदेश पोहोचत नाही. येथे मोबाइल बहुधा आधीच्या वेगावरून अंदाज बांधतो आणि गाडीचे चिन्ह कधी थबकते, कधी उगाच पुढे धावते. गाडीची स्वतःची यंत्रणा मात्र चाके किती फिरली यावरून अंतर आणि जायरोस्कोपवरून वळण मोजत राहते. शेवटच्या खात्रीच्या जागेपासून इतके अंतर, इतक्या अंशांचे वळण, म्हणून आता आपण येथे, असे हे गणित. जहाजावरचे खलाशी किनारा दिसेनासा झाल्यावर हेच करत. खरे म्हणजे गाडीतले नेव्हिगेशन जन्मले तेच या पद्धतीतून. जपानच्या होंडा कंपनीने १९८१मध्ये ‘इलेक्ट्रो जायरोकेटर’ नावाचे यंत्र काढले, तेव्हा जीपीएस नागरिकांच्या हाती आलेच नव्हते. त्या यंत्रात वायूच्या झोतावर चालणारा जायरोस्कोप होता, आणि नकाशा पारदर्शक तावावर छापून पडद्यासमोर सरकवावा लागे. अमेरिकेत १९८५मध्ये ‘ईटॅक नेव्हिगेटर’ आला, त्याचा नकाशा कॅसेटवर होता. उपग्रहाचा आधार घेणारी यंत्रणा माझदाने १९९०मध्ये गाडीत बसवली. आज कशेडीच्या अंधारात पडद्यावरचा बाण न अडखळता सरकतो, त्यामागे ते १९८१चे तंत्र आहे.

या पद्धतीत चूक साठत जाते, हे ध्यानात ठेवावे. टायरमधली हवा कमी असेल, चाक घसरले असेल, तर मोजलेले अंतर थोडे चुकते. दोन किलोमीटरच्या बोगद्यात ते जाणवत नाही आणि बाहेर पडताच उपग्रह पुन्हा सगळे जागेवर आणतात. मोठी अडचण बोगद्याच्या आत नसून त्याच्या आधी आहे. जुना घाटरस्ता आणि बोगद्याकडे जाणारा रस्ता जेथे फुटतात, तेथे दोन्ही काही अंतर शेजारून जातात. पाच मीटरच्या चुकीत यंत्रणेला कोणता रस्ता धरला हे ठरवता येत नाही, म्हणून ती ज्या रस्त्याची शक्यता जास्त वाटते त्यावर बाण चिकटवते. बोगद्याआधीचा नकाशा असेल तर तिच्याजवळ पर्यायच एक, घाटाचा. अशा वेळी बाण डोंगराच्या पोटात रस्ता सोडून चाललेला दिसतो. बोगदा बंद ठेवून वाहतूक जुन्या घाटाने वळवली असेल, तेव्हा याच्या उलट. कशेडीच्या पायथ्याशी म्हणून पोलीस आणि फलक काय सांगतात तेच ऐकावे.

घाट उतरून खेड तालुक्यात आले की महामार्ग भरणे नाक्यावर येतो. खेड शहर महामार्गावर नाही. ते नाक्यापासून आत, पश्चिमेला, जगबुडी नदीच्या काठी आहे. याच नदीवरच्या महामार्गाच्या पुलावरून १९ मार्च २०१३च्या पहाटे मुंबईकडे जाणारी एक खासगी बस कोसळली आणि ३७ जणांचा जीव गेला. पुलाच्या अलीकडचे वळण आणि अरुंद कठडे यांची चर्चा त्यानंतर बरीच झाली. आता तेथे नवा पूल आहे. वळणाची आणि अपघातप्रवण जागांची सूचना आधी देणे हे नेव्हिगेशनचे सर्वांत उपयुक्त काम ठरू शकते. डिसेंबर २०२१मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय, आयआयटी मद्रास आणि मॅपमायइंडिया यांनी अशा सूचना देणारी सेवा सुरू केली. मॅपमायइंडिया ही १९९५मध्ये स्थापन झालेली भारतीय कंपनी आहे आणि भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक गाड्यांत तिचाच नकाशा असतो. भरणे नाक्याहून पुढे दक्षिणेला भोस्ते घाट, लोटे परशुरामची औद्योगिक वसाहत आणि मग परशुराम घाट उतरून चिपळूण. या सगळ्या टापूत वेगमर्यादेचा इशारा चालू ठेवणे शहाणपणाचे.

खेड गाठेपर्यंत नेव्हिगेशन बहुतेक बरोबर असते. त्याची खरी कसोटी लागते ती खेड मुक्कामाला ठेवून आसपास फिरू लागल्यावर.

कोकणातले गाव एका ठिकाणी गोळा झालेले नसते. एकाच महसुली गावाच्या वाड्या डोंगराच्या वेगवेगळ्या सोंडांवर, दोन-दोन, तीन-तीन किलोमीटर अंतरावर असतात. नकाशावर गावाच्या नावाचा एकच ठिपका असतो, आणि तो कोठे टाकायचा हे नकाशाकाराने ठरवलेले असते: कधी ग्रामपंचायतीवर, कधी शाळेवर, कधी गावाच्या हद्दीच्या नुसत्या मध्यावर, म्हणजे रानात. नेव्हिगेशन त्या ठिपक्यापाशी पोहोचून ‘आपण मुक्कामी पोहोचलात’ असे सांगते आणि पाहुणा जांभ्याच्या सड्यावर उभा असतो. वाड्यांची नावेही बदलत आहेत. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२०मध्ये घेतला. तो योग्यच होता. पण पाटी बदलली तरी साठवलेल्या नकाशात जुने नाव राहते. हा प्रश्न पर्यटकाच्या गैरसोयीपुरता नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका, अग्निशमनाची गाडी, प्रसूतीसाठी निघालेली रिक्षा, सगळ्यांना वाडीच शोधायची असते. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत याच तालुक्यात पोसरे येथील वाडीवर दरड कोसळून १७ जण गेले. अशा दिवशी मदतपथकाला अचूक जागा किती लवकर मिळते, याला किंमत असते. टपाल खात्याने मे २०२५मध्ये ‘डिजिपिन’ ही दहा चिन्हांची पत्त्याची पद्धत आणली. तिच्यात देशाची जमीन सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकटींत विभागली आहे. वाडीतल्या प्रत्येक घराला स्वतंत्र ओळख देणारी ही पद्धत कोकणासारख्या मुलखाला फार उपयोगी पडेल. पण ती लोकांच्या तोंडी रुळेपर्यंत साधा उपाय असा: ज्यांच्याकडे जायचे त्यांनी अंगणात उभे राहून अक्षांश-रेखांश पाठवावेत आणि पाहुण्याने तेच आकडे गाडीच्या पडद्यावर घालावेत. जवळपास सगळ्या यंत्रणांत ही सोय असते, आणि ती वापरणारे फार थोडे.

रसाळगडाची वाट ठिपक्याच्या या अडचणीचे चांगले उदाहरण आहे. रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड हे तीन किल्ले खेडच्या पूर्वेला एकाच डोंगररांगेवर आहेत. त्यांतला रसाळगड चढायला सोपा. वर झोलाई-वाघजाईचे देऊळ, तलाव आणि जागोजागी पडलेल्या तोफा. गाडीचा रस्ता पायथ्याच्या घेऱ्यातल्या वाडीपर्यंत जातो. यंत्रणेला ‘रसाळगड’ सांगितले की ती गडाच्या माथ्यावरच्या ठिपक्याला सरळ रेषेत सर्वांत जवळ असलेला रस्ता शोधते. तो रस्ता दरीच्या पलीकडचाही असू शकतो, कारण जवळ कोणते हे ठरवताना तिला मधली दरी दिसत नाही. किल्ल्याऐवजी पायथ्याच्या वाडीचे नाव दिले की हा घोटाळा होत नाही. सह्याद्रीतल्या बहुतेक गडांना हाच नियम लागू आहे.

रस्ता निवडण्याचे गणित १९५९मध्ये एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने प्रसिद्ध केलेल्या पद्धतीवर उभे आहे. प्रत्येक फाटा हा एक बिंदू, दोन फाट्यांमधला रस्ता ही एक रेषा, आणि प्रत्येक रेषेला एक वजन: अंतर किंवा लागणारा वेळ. सर्वांत कमी वजनाची साखळी म्हणजे सुचवलेला मार्ग. गणित निर्दोष आहे. दोष असतो तो वजनांत. डांबरी रस्ता, ग्रामसडक आणि गेल्या पावसात उखडलेली वाट यांना नकाशात एकाच वर्गात टाकले असेल, तर तीन मिनिटे वाचवण्यासाठी यंत्रणा गाडीला तिसऱ्या वाटेने पाठवते. पुण्याहून खेडला येणाऱ्याला ती भोरवरून वरंधा घाट सुचवू शकते, कारण कागदावर तो जवळचा आहे. पावसाळ्यात दरडींमुळे या घाटातली वाहतूक वारंवार थांबवली जाते. ताम्हिणीतून माणगावला उतरणे किंवा महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला येणे हे पर्याय असतात. तेही पावसावर अवलंबून. म्हणून यंत्रणेत ‘सर्वांत जवळचा’ हा पर्याय बंद ठेवून ‘सर्वांत जलद’ किंवा ‘मुख्य रस्ते’ निवडावा.

कोकणात यासाठी एक जुनी कसोटी आहे आणि ती आजही चुकत नाही: त्या वाटेने एसटी जाते का? एसटी जाते म्हणजे रस्त्याला रुंदी आहे, साकव बसचे वजन पेलतो, वळणावर बस फिरते आणि काल संध्याकाळी कोणीतरी त्या रस्त्याने सुखरूप गेले आहे. फाट्यावरच्या टपरीवर हा एक प्रश्न विचारावा. पडद्याने दाखवलेली वाट आणि टपरीवाल्याने सांगितलेली वाट वेगळी निघाली तर टपरीवाल्याचे ऐकावे. जागा सांगण्यात यंत्र माणसापेक्षा सरस आहे. वाटेची आजची अवस्था सांगण्यात माणूस सरस आहे, कारण ती त्याने पाहिलेली असते.

रघुवीर घाटात हे सगळे एकवटते. खेडहून खोपीकडे जाणारा रस्ता पुढे या घाटाने सह्याद्री चढून साताऱ्याच्या बाजूला, कांदाटी खोऱ्यात शिंदी, अकल्पे या गावांकडे जातो. घाटमाथ्यावरून कोकणची बाजू आणि पलीकडे कोयनेच्या शिवसागर जलाशयाचे खोरे दिसते. पावसाळ्यात येथले धबधबे पाहायला माणसे लोटतात आणि त्याच दिवसांत दरडी कोसळतात, म्हणून प्रशासन हा घाट पर्यटकांसाठी बंद ठेवते. जुना साठवलेला नकाशा ही बंदी जाणत नाही. तो जुलैतही तीच रेषा दाखवतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पडद्यावर शिंदी आणि तापोळा जवळजवळ दिसतात, महाबळेश्वर तर त्याच्याही थोडे पुढे. मध्ये आहे तो जलाशय. कोयना धरण झाल्यावर खोऱ्यातल्या जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या आणि या गावांचा साताऱ्याच्या बाजारपेठांशी संबंध लाँचवर येऊन ठरला. रघुवीर घाटाचा रस्ता त्यांना खेडशी जोडणारा म्हणूनच मोलाचा. कांदाटीच्या लोकांना दवाखाना आणि बाजार यांसाठी ही वाट टिकणे किती गरजेचे आहे, हे नकाशावरची बारीक रेषा सांगू शकत नाही.

पाण्यात संपणारा रस्ता हा कल्पनेतला धोका नाही. जानेवारी २०२१मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ, मोबाइलच्या नकाशाने दाखवलेल्या वाटेने रात्री जाणारी एक गाडी धरणाच्या फुगवट्याखाली गेलेल्या पुलावर उतरली आणि एकाचा बुडून मृत्यू झाला. स्थानिकांना ठाऊक होते की वर्षाच्या त्या काळात पूल पाण्याखाली असतो. अनोळखी घाटमाथ्यावर, जलाशयाच्या काठी, रात्री पडद्यावर विसंबून गाडी नेऊ नये.

खेडच्या पश्चिमेची वाट सौम्य आहे. फुरूसवरून दापोली, आणि तेथून दाभोळ. दाभोळला वाशिष्ठीची खाडी आडवी येते. पलीकडे धोपावे आणि गुहागर. गाड्या वाहून नेणारी फेरीबोट येथे २००३ पासून चालते. लोक तिला जंगलजेटी म्हणतात. यंत्रणेच्या मार्गनिवडीत ‘फेरी टाळा’ अशी एक खूण असते. ती चालू राहिली तर दाभोळहून खाडीपलीकडच्या गुहागरला जायला ती खेड-चिपळूणवरून सगळ्या खाडीला वळसा घालायला लावते. खूण काढली की मार्ग पाण्यावरून जातो. पण फेरीची वेळ, भरती-ओहोटी, संध्याकाळची शेवटची खेप किंवा वादळी हवेत बंद ठेवलेली सेवा यंत्रणेला माहीत नसते. दाभोळला उतरण्याआधी जेटीवर फोन करावा.

पावसाळ्यात खेडचा नकाशा वेगळाच होतो. जगबुडीची इशारा पातळी पाच मीटर आणि धोका पातळी सात मीटर. पाणी त्यावर गेले की बाजारपेठेत शिरते. खेड–दापोली रस्त्यावर नारिंगी नदीचे पाणी येऊन तो रस्ता बंद पडतो. परशुराम घाटात दरडी आल्या की चिपळूणची वाट थांबते. चालू वाहतुकीची माहिती देणाऱ्या सेवा पुढच्या गाड्यांच्या वेगावरून अंदाज करतात. रस्त्यावर गाड्याच नसतील तर त्या सेवेला कोंडीही दिसत नाही, आणि पुरात बुडालेला रस्ता तिला रिकामा वाटू शकतो. जून ते सप्टेंबर या काळात निघण्यापूर्वी जिल्हा प्रशासनाच्या सूचना आणि स्थानिक बातम्या पाहणे हाच उपाय आहे. गणेशोत्सवात याउलट चित्र. मुंबईहून लाखो चाकरमानी एकाच आठवड्यात निघतात, जड वाहनांना बंदी येते, ठिकठिकाणी वाहतूक वळवली जाते. त्या दिवसांत चालू माहिती देणारी सेवा उपयोगी. पण ती सिमकार्ड नसलेल्या साठवलेल्या नकाशात मिळत नाही. कशेडीपलीकडे खोऱ्यांत मोबाइलचे नेटवर्क जाते आणि तेथे साठवलेला नकाशाच साथ देतो. दोन्ही सोबत ठेवावेत.

साठवलेला नकाशा ताजा ठेवणे ही मालकाची जबाबदारी. काही गाड्यांत तो पेनड्राइव्हने किंवा एसडी कार्डाने बदलावा लागतो, काहींत इंटरनेटवरून आपोआप येतो. काही कंपन्या पहिली काही वर्षे तो विनामूल्य देतात आणि नंतर पैसे मागतात; गाडी घेतानाच हे विचारून घ्यावे. नकाशा किती जुना आहे ते सेटिंगमध्ये लिहिलेले असते. कशेडीचा बोगदा त्यात दिसतो का, ही कोकणात जाणाऱ्यासाठी सोपी चाचणी आहे.

चालवताना पडद्याला हात लावू नये. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमानुसार वाहन चालवताना हातातले उपकरण फक्त मार्ग पाहण्यासाठी, आणि तेही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येते. घाटात दोन सेकंद नजर खाली गेली तरी गाडी तेवढ्यात वीसपंचवीस मीटर पुढे गेलेली असते. पत्ता निघण्यापूर्वी घालावा, आवाज चालू ठेवावा आणि बदल करायचा तर गाडी बाजूला घ्यावी किंवा शेजारच्याला सांगावे.

नकाशा आता लोकांच्या नोंदींनीही घडतो. एके काळी सविस्तर नकाशे संरक्षणाच्या कारणाने सामान्यांना मिळत नसत. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने आणि फेब्रुवारी २०२१च्या नव्या नियमांनी ही दारे बरीच उघडली. २००४ पासून चालणाऱ्या ओपनस्ट्रीटमॅपमध्ये कोणालाही आपल्या गावचा रस्ता काढता येतो, आणि व्यापारी नकाशांतही चूक कळवण्याची सोय असते. खेड, दापोली, मंडणगडच्या शाळा-कॉलेजांतल्या मुलांनी आपापल्या वाडीचे खरे नाव, साकव, बारमाही रस्ता आणि पावसात बंद होणारा रस्ता एवढ्या नोंदी केल्या तरी पाहुण्यांपेक्षा आधी गावाचाच फायदा होईल. मुंबईहून गणपतीला जाणाऱ्यांनी या वर्षी घरी पोहोचल्यावर हे काम हातात घ्यावे: आपल्या वाडीचा ठिपका नकाशावर तपासावा, चुकीचा असेल तर दुरुस्त करावा, आणि घराचे अक्षांश-रेखांश कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवून ठेवावेत, म्हणजे १०८ला फोन करणाऱ्याला ते वाचून सांगता येतील.